हवेतून गेलेले पाणी

"पाणी गेलंय, मॅडम."

काउंटरमागच्या तरुणाने माझा कॅमेरा हातात घेऊन जेमतेम अर्धा मिनिट झाला असेल. ऑगस्ट २००५ चा शेवटचा आठवडा होता. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एका औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यात हे सर्व्हिस सेंटर होते. घाटकोपरहून ३४० नंबरच्या बसने अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचे खड्डे मोजत मी तिथे पोहोचले होते. त्या मार्गावर मेट्रो धावायला अजून नऊ वर्षे होती. रांगेत माझ्यापुढे दहा-बारा माणसे होती आणि त्यातल्या बहुतेकांची वासलात याच दोन शब्दांत लागलेली मी पाहिली होती.

"अहो, पाणी कसं जाईल? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सव्वीस जुलैला कॅमेरा कपाटात होता. वरच्या खणात, साड्यांच्या मागे."

तो क्षणभर थांबला. मग अगदी सहजपणे म्हणाला, "मग हवेतून गेलं असेल."

या उत्तराचा मला त्या वेळी फार राग आला. पण गेली वीस वर्षे मी त्याच उत्तराचा विचार करते आहे, आणि आता वाटते की त्या मुलाने नकळत अगदी नेमके निदान केले होते. फक्त त्याचा अर्थ त्याला आणि मला, दोघांनाही उलटा लागला.

तो महिनाच तसा होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी कुर्ला, कलिना, साकीनाका भागात घराघरांत शिरली. ऑगस्ट उजाडला तेव्हा उपनगरांतल्या प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानापुढे भिजलेल्या वस्तूंचे ढीग लागले होते. टीव्ही, मिक्सर, संगणक, फ्रिज आणि अर्थात कॅमेरे. त्या ढिगात खरोखर पुरात बुडालेले कॅमेरे होते, यात शंका नाही. पण ज्यांना पाण्याचा थेंबही लागला नव्हता असेही काही त्यात होते. दोन्हींच्या कागदावर शेरा मात्र एकच: आत ओल, हमी लागू नाही.

आमचा कॅमेरा आदल्या वर्षीच्या दसऱ्याला घेतलेला. चार मेगापिक्सेल, तीनपट झूम, किंमत साडेसोळा हजार. आमच्या घरातला फ्रिजही तेव्हा त्याहून स्वस्तात आला होता. 'आता रोल धुवायचा खर्च नाही,' हा हिशेब करूनच तो घेतला होता. एक वर्षाची हमी, शिक्का मारलेले कार्ड, पक्के बिल. म्हणजे दुबईहून कुणाच्या मामाने आणला आणि इथे कुणी विचारीना, असलाही प्रकार नव्हता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मुलुंडला अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सहस्रचंद्रदर्शन होते. "फोटोग्राफर सांगू या का?" असे भावाने विचारलेही होते. "कशाला? घरात एवढा कॅमेरा आहे की," असे म्हणणारी मीच. हॉलमध्ये शंभरेक माणसे, बाहेर श्रावणसरी, आत पंख्यांखाली घामाघूम झालेली मंडळी. सुनांनी आणि लेकींनी ताटात एक्याऐंशी दिवे लावले, अण्णा पाटावर बसले आणि मी कॅमेरा सुरू केला. पडदा जांभळा. जांभळ्यात आडव्या रेघा, आणि रेघांच्या पलीकडे वितळल्यासारखे दिसणारे अण्णा. बंद करून पुन्हा चालू केला, बॅटरी काढून घातली, कार्ड बदलले. जांभळा तो जांभळाच. गंमत म्हणजे जुने फोटो बघायचे बटण दाबले की आदल्या दिवाळीचा कंदील त्याच पडद्यावर स्वच्छ दिसत होता.

भावाच्या शेजारच्या काकांनी सवयीने आपला यशिका एमएफ-२ गळ्यात अडकवून आणला होता. त्यात अर्धाअधिक संपलेला रोल होता. त्या समारंभाचे आज आमच्याकडे आहेत ते नऊ फोटो त्यातले. अण्णा पुढच्या फेब्रुवारीत गेले.

दुरुस्तीचा अंदाज नऊ हजार चारशे रुपये आला. "आतला अख्खा भागच बदलावा लागतो," असे कारण. मी कॅमेरा परत घेतला आणि आठवड्याभराने बोरा बाजार गाठला. फोर्टातली ही गल्ली म्हणजे मुंबईतल्या फोटोग्राफरांचे माहेरघर. उपनगरांतले लग्नसराईचे फोटोग्राफर फ्लॅशच्या बल्बपासून ट्रायपॉडच्या स्क्रूपर्यंत सगळ्यासाठी तिथेच जात. जिन्याखालच्या टीचभर जागेत एक वयस्क कारागीर बसत. त्यांनी आयुष्यभर शटरच्या स्प्रिंगा आणि भिंगांच्या कड्या हाताळल्या होत्या, आणि उतारवयात हे डिजिटल प्रकरण शिकून घेतले होते. कॅमेरा उघडताच त्यांनी आधी फ्लॅशच्या कपॅसिटरमधली वीज काढून टाकली. कॅमेरा बंद असला तरी त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठून राहू शकतो आणि नवशिक्याचा हात तिथेच भाजतो, असे त्यांनी हसत सांगितले. मग भिंग लावून बराच वेळ आत पाहिले.

"ताई, पाण्याचा डाग नाही कुठे. गंज नाही. सर्किट स्वच्छ आहे," ते म्हणाले. "हा बिघडला नाही, आंधळा झालाय. मेंदू शाबूत आहे, म्हणून जुनं आठवतंय. समोरचं दिसत नाही."

"मग डोळा बदला."

"डोळा कंपनी सुटा देत नाही."

यापेक्षा सोप्या शब्दांत मला डिजिटल कॅमेऱ्याची दुरुस्ती कुणीही समजावून सांगितलेली नाही. जुन्या कॅमेऱ्यात बिघाड झाला तर तो एखाद्या स्प्रिंगचा, दाताचा, पडद्याच्या चिरेचा असे. कारागीर तेवढाच भाग घासून, जोडून, प्रसंगी नवा घडवून बसवी. डिजिटल कॅमेऱ्यात भिंग, त्याची मोटर आणि प्रतिमा टिपणारी चकती हे सगळे एकाच ठोकळ्यात बसवलेले असते. त्यातली वीतभर लांबीचीही नसलेली लवचीक पट्टी तुटली, झूम आत-बाहेर होताना ती घडीवर घडी पडून तुटतेच, तरी अख्खा ठोकळा बदलायचा. गोराईच्या किंवा अक्साच्या किनाऱ्यावर वाळूचा एक कण झूमच्या नळीत गेला की भिंग अर्ध्यावर अडकते. कॅनन कॅमेऱ्यांच्या पडद्यावर अशा वेळी 'ई-१८' ही अक्षरे उमटत आणि ती पाहून काळजात धस्स झालेले लोक जगभर होते. वाळूचा कण फुंकरीने निघाला तर निघाला. नाही तर किंमत पुन्हा ठोकळ्याची.

बोरा बाजारातून मी रिकाम्या हाताने परतले. आणि मग ऑक्टोबर उजाडला.

२००५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला जपानमधून एकामागून एक निवेदने निघाली. सोनी ही कंपनी केवळ कॅमेरे बनवत नव्हती; कॅमेऱ्याचा डोळा म्हणजे 'सीसीडी' नावाची चकती बनवून ती आपल्या प्रतिस्पर्ध्यांनाही विकत होती. साधारण २००२ ते २००४ या काळात बनलेल्या काही चकत्यांत दोष असल्याचे आता उघड झाले. त्या चकत्या सोनीच्या सायबरशॉटमध्ये होत्या, तशाच कॅननच्या पॉवरशॉट ए-७० सारख्या घराघरांत गेलेल्या मॉडेलमध्ये, निकॉनच्या कूलपिक्समध्ये, फुजी आणि कोनिका मिनोल्टाच्या कॅमेऱ्यांत आणि काही व्हिडिओ कॅमेऱ्यांतही होत्या. लक्षणे अशी: चित्र वेडेवाकडे येते, रंग बदलतात, किंवा पडदा काळाच राहतो, मात्र आधी काढलेले फोटो नीट दिसतात. हमी संपली असली तरी हा दोष फुकट दुरुस्त करून देऊ, असे कंपन्यांनी जाहीर केले. सोबत मॉडेलांच्या याद्या होत्या.

आणि त्याच निवेदनांत पुढचे वाक्य होते: हा दोष उष्ण आणि दमट हवेत कॅमेरा ठेवल्यास किंवा वापरल्यास उद्भवण्याची शक्यता अधिक असते.

उष्ण आणि दमट. म्हणजे आपले बोरिवली, आपले मुलुंड, आपले घाटकोपर. म्हणजे जून ते ऑक्टोबर, जेव्हा मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात, पापड मऊ पडतात आणि कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवी बुरशी येते.

दोष नेमका काय होता, हे समजून घेण्यासारखे आहे. ही चकती नखाएवढी, सिलिकॉनची. तिच्यावर पडलेला प्रकाश विजेच्या रूपात बाहेर काढण्यासाठी तिच्या कडेने अतिसूक्ष्म तारा जोडलेल्या असतात, आपल्या केसाहूनही बारीक. वर काच, भोवती आवरण, आणि हे सगळे चिकटद्रव्याने बंद केलेले. हे बंद करणेच सर्वांत नाजूक काम. थोडीही फट राहिली, किंवा चिकटद्रव्याचा मेळ जमला नाही, की उष्णतेत हवेतला दमटपणा आत झिरपतो, तारेचा जोड कमजोर होतो आणि एक दिवस सुटतो. असा एक जोड सुटला तरी चित्राचा एक रंग, एक ओळ किंवा सगळेच जाते. कारखान्यातून निघताना कॅमेरा उत्तम चालतो. तपासनीस बटण दाबतो, फोटो येतो, शिक्का बसतो. त्यात लबाडी काहीच नसते. पण त्या तपासणीत 'आज' असतो. 'दुसरा पावसाळा' नसतो.

माझे एक मावसभाऊ तेव्हा सीप्झमध्ये नोकरीला होते. १९७३ मध्ये अंधेरीला हा निर्यातीचा विभाग उभा राहिला तो मुळात इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीच, त्यामुळे तिथल्या जुन्या माणसांना हे शास्त्र मुखोद्गत. त्यांनी मला 'पंच्याऐंशी-पंच्याऐंशी' नावाची परीक्षा समजावली. सुटा भाग ८५ अंश सेल्सिअस तापमानात आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास ठेवायचा, म्हणजे सुमारे सहा आठवडे, आणि मग तो जगतो का बघायचे. अनेक वर्षांचा दमटपणा थोड्या दिवसांत भोगायला लावायचा, असा त्यामागचा विचार.

"मग ही चकती त्यात पास झाली नसेल?" मी विचारले.

"नमुन्याला दिलेली झाली असेल," ते म्हणाले. "पेपर एक मुलगा देतो, नोकरीला लागते सगळी बॅच."

त्या रात्री मी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचली. अनेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत शेवटी बारीक टायपात एक तक्ता असतो. वापरण्याचे तापमान: शून्य ते चाळीस अंश. आर्द्रता: ८५ टक्के किंवा त्याहून कमी. आता मुंबईच्या जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवेतली आर्द्रता ८५ च्या वर जाणे ही काही बातमी नाही. हवामानाच्या रकान्यात ते रोजचे आहे. म्हणजे कॅमेरा विकत घेणारे कुटुंब काही चूक न करता, कॅमेरा साड्यांच्या मागे जपून ठेवूनसुद्धा, वर्षातले दोन-तीन महिने सकाळच्या वेळी नुसते श्वास घेऊन कंपनीची अट मोडत होते. ही अट दुकानात कुणी सांगत नाही. तसे सांगायचे तर 'हा कॅमेरा मुंबईत पावसाळ्यात वापरू नये' अशी पाटी लावावी लागेल.

इथेच तो 'हवेतून गेलं असेल'चा पेच आहे. सर्व्हिस सेंटरच्या दृष्टीने ओल हे गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणाचे लक्षण. ऑक्टोबरच्या निवेदनांनुसार तीच ओल कारखान्यातल्या दोषाचे लक्षण. ऑगस्टमध्ये माझ्यासारखीच लक्षणे घेऊन आलेल्या माणसाला 'तुमची चूक' म्हणून परत पाठवले गेले असेल आणि नोव्हेंबरमध्ये 'आमची चूक' म्हणून चहा पाजला गेला असेल. मधल्या काळात कॅमेऱ्यात काहीच बदलले नव्हते. फक्त तसे बिघडलेले कॅमेरे किती, हे कुणीतरी एकत्र मोजले होते.

माझा कॅमेरा? मी प्रत्येक यादी दोनदा वाचली. त्याचे मॉडेल कुठल्याच यादीत नव्हते. लक्षणे तीच, नाव नाही. त्याच्या आत कुठली चकती होती आणि तिला तोच रोग होता की दुसरा, हे मला आजही सांगता येणार नाही. ते कळण्याचा एकच मार्ग होता, कॅमेरा प्रयोगशाळेत पाठवण्याचा. कायद्यात तशी सोय १९८६ पासून आहे. ग्राहक मंचाला वाटले तर वस्तू मोहरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवता येते आणि पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागवता येतो. पण तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची. साडेसोळा हजारांच्या कॅमेऱ्यासाठी वांद्र्याच्या मंचाच्या किती खेपा, किती रजा आणि फी किती, हा हिशेब मांडला आणि मीही इतर हजारो लोकांनी केले तेच केले. कॅमेरा डब्यात ठेवून दिला. याबद्दल मला स्वतःचा थोडा राग आहे, तो लपवत नाही. माझे वडील मुंबई ग्राहक पंचायतीच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. १९७५ पासून महिन्याचे वाणसामान आमच्याकडे पंचायतीच्या संघातून येत असे. पावशेर तूरडाळ कमी भरली तर ती परत करायला आम्हाला शिकवले होते. कॅमेऱ्याच्या वेळी ते शिक्षण कुठे गेले कोण जाणे.

कारण असे बघा, एकट्या गिऱ्हाइकाला आपला बिघाड हा अपघात आहे की साथ, हे कधीच समजत नाही. अभियंते 'बालमृत्यू' असा शब्द वापरतात. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूत पहिल्या काही आठवड्यांत थोड्या दगावतात, मग बराच काळ शांतता, आणि म्हातारपणी पुन्हा बिघाडांची रांग. हमीचा काळ त्या शांततेच्या हिशेबाने बेतलेला असतो. शांततेच्या मध्यावर एकाच जातीचे कॅमेरे एकाच लक्षणाने जाऊ लागले तर ती साथ. पण ती दिसते फक्त त्याला, ज्याच्या टेबलावर सगळे कागद येतात. म्हणजे कंपनीला.

गिऱ्हाइकांनी ही मोजणी स्वतः केली तेव्हा काय होते, याचे उदाहरण पुढे निकॉनच्या डी-६०० ने दिले. सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आलेला हा महागडा कॅमेरा. त्याच्या फोटोंत डाव्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागले. 'लेन्स बदलताना धूळ गेली असेल,' हे पहिले उत्तर. (हवेतून पाणी, तशी हवेतून धूळ!) तेव्हा काही चिकट फोटोग्राफरांनी लेन्स एकदाही न काढता शेकडो फोटो घेतले आणि ते ओळीने चित्रपटासारखे लावून दाखवले: ठिपके आपोआप वाढत होते. धूळ आणि वंगण कॅमेऱ्यातूनच उडत होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने डी-६१० नावाने नवा कॅमेरा आणला. फेब्रुवारी २०१४ मध्ये जुन्या ग्राहकांना शटर फुकट बदलून देण्याचे जाहीर केले. तरी चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने मार्चमध्ये ग्राहकदिनी हे प्रकरण लावून धरले आणि शांघायच्या अधिकाऱ्यांनी त्या मॉडेलची विक्री थांबवायला लावली.

किंमत जास्त दिली म्हणजे यातून सुटका होते, असेही नाही. जर्मनीचा लायका एम-९ हा २००९ चा कॅमेरा नुसत्या बॉडीलाच सात हजार डॉलरचा. त्याच्या चकतीवरच्या काचेला दमटपणाने गंजल्यासारखे डाग पडत. २०१४ मध्ये कंपनीने चकत्या फुकट बदलायचे मान्य केले. पुढे काही वर्षांनी नव्या चकत्याच शिल्लक राहिल्या नाहीत.

ओलीच्या नावाने हमी नाकारण्याचा प्रकार मोबाइलमध्ये तर अधिक रंगला. फोनच्या आत एक पांढरी पट्टी असते, ओल लागली की ती लाल-गुलाबी होते. 'पट्टी लाल, हमी रद्द.' अमेरिकेत अॅपलच्या ग्राहकांनी यावर दावा केला. पाण्याशी संबंध न येता केवळ दमट हवेनेही पट्टीचा रंग बदलू शकतो, असे ग्राहकांचे म्हणणे होते. २०१३ मध्ये कंपनीने पाच कोटी तीस लाख डॉलरला तडजोड केली, चूक मान्य न करता.

आपल्याकडे आता कायदा थोडा सोपा झाला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी दाखल करण्याची फी नाही. सदोष वस्तूने झालेल्या हानीसाठी उत्पादकाला जबाबदार धरणारे वेगळे प्रकरण त्यात आहे. मुदत दोन वर्षांची. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही काढले. प्रयोगशाळेची फी मात्र आजही तक्रारदारानेच आधी भरायची आहे. १९१५ या क्रमांकावर फोन करून निदान तक्रार नोंदवावी, असे मी आता सर्वांना सांगते. पैसे मिळोत न मिळोत, मोजणीत आपला एक आकडा पडतो. जॉबशीटवर 'ओल' असे लिहिले असेल तर कुठे, कशी, फोटो दाखवा, असे तिथेच विचारावे. बहुतेक वेळा समोरचा माणूस गडबडतो.

घरच्या उपायांबद्दलही सांगायला हवे, कारण याबाबत आपल्याकडे ज्ञानाचा महापूर आहे. भिजलेली वस्तू तांदळाच्या डब्यात ठेवणे हा त्यातला सर्वांत लाडका. तांदूळ ओल ओढतो, पण फार हळू, आणि त्याची पिठी झूमच्या नळीत शिरते. मग पाण्यातून वाचलेला कॅमेरा भाताने मरतो. सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पुड्या आणि स्वस्तातला आर्द्रतामापक, एवढ्यात घरचे काम भागते. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिला तर भिंगावर बुरशी धरत नाही. साठ-सत्तरच्या वर गेला की ती जाळे विणू लागते आणि काचेवरचा लेप खाते. मग पुसूनही डाग जात नाही. बोरिवलीच्या एका जुन्या स्टुडिओत कपाटाच्या तळाशी रात्रंदिवस चाळीस वॉटचा पिवळा बल्ब जळत असे. ग्राहकांना वाटे, देव आहेत आत. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, ते बुरशीचे घरच. आणि वातानुकूलित हॉलमधून बाहेर पडताना कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा, अर्धा तास तरी. नाही तर थंड काचेवर आतून दव धरते. तेव्हा मात्र खरोखरच हवेतून पाणी जाते.

हे सगळे आता कुणासाठी, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ऐंशी लाखही नाहीत. फोनने कॅमेरा गिळला. कोनिका मिनोल्टाने तर त्या दोषाच्या निवेदनांनंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २००६ मध्ये, कॅमेऱ्यांचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. मग २०१२ मध्ये कोडॅक, २०१८ मध्ये कॅसिओचे छोटे कॅमेरे, २०२१ मध्ये ऑलिम्पसने कॅमेरा विभाग दुसऱ्या कंपनीच्या हवाली केला. आज दुरुस्तीला गेलात तर 'पाणी गेलंय' म्हणायलाही माणूस सापडत नाही. बोरा बाजारातले ते कारागीर त्यांच्या जागेवर नाहीत. तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात.

पण गेल्या दिवाळीत बोरिवलीहून भाची आली ती जुना डिजिटल कॅमेरा शोधतच. कॉलेजातल्या मुलामुलींत सध्या वीस वर्षांपूर्वीच्या छोट्या कॅमेऱ्यांचे वेड आहे. 'सीसीडीचे रंग वेगळे असतात, मावशी,' असे तिने मलाच शिकवले. हे कॅमेरे जुन्या बाजारात चार-पाच हजारांना जातात म्हणे, आणि ते नेमके २००३-०४ चे असतात. फुकट दुरुस्तीच्या त्या याद्या कुणाच्या लक्षात नाहीत आणि ती सोयही कधीच संपली आहे. मी तिला लक्षणे सांगितली, विकत घेण्याआधी नुसते जुने फोटो बघू नकोस, समोर नवा फोटो काढून बघ, असे बजावले. मग बिस्किटाचा डबा काढला.

बॅटरी बाजारात मिळाली, हे आश्चर्यच. कॅमेरा टुणकन सुरू झाला. आधी २००४ च्या दिवाळीचा कंदील आला, तोच, स्वच्छ. मग मुलुंडच्या घराची गॅलरी आणि तिच्यात पेपर वाचत बसलेले अण्णा. हा फोटो काढल्याचे मी साफ विसरले होते. भाची बराच वेळ त्याकडे बघत राहिली. तिने अण्णांना पाहिलेलेच नाही. मग तिने कॅमेरा माझ्याकडे रोखला आणि बटण दाबले. पडदा जांभळा, आडव्या रेघा, मध्ये मी वितळलेली.

"मावशी, कसला भारी इफेक्ट आहे हा! दुरुस्त नको करूस हं," ती म्हणाली आणि कॅमेरा पिशवीत घालून बोरिवलीला घेऊन गेली. कार्ड मी काढून ठेवले आहे.